टीडीपी-४३ की फस? ट्यूब उघडण्याआधी

एएलएसवर (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारावर) काम करणाऱ्या प्रयोगशाळेत टीडीपी-४३ आणि फस ही दोन मानवी प्रथिनं बहुधा एकाच डब्यात, उणे ८० अंशांना शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही आरएनएला बांधली जातात, दोन्ही एरवी केंद्रकात असतात आणि आजारात पेशीद्रवात साचतात. दोन्ही ई. कोलाय जिवाणूत एमबीपी टॅग (प्रथिन विरघळलेलं ठेवायला जोडलेलं दुसरं प्रथिन) लावून बनवतात. त्यामुळे एकाचा प्रोटोकॉल सर्रास दुसऱ्याला लावला जातो, आणि आठवडाभर खपून काढलेलं प्रथिन तिथेच वाया जातं.

टीडीपी-४३ हे ४१४ अमिनो आम्लांचं. आरएनए धरतात ते मधले दोन आरआरएम (आरएनए ओळखणारे घडीदार भाग). ग्लायसीनने भरलेलं विस्कळीत शेपूट सी-टोकाला आहे आणि एएलएसची बहुतेक म्युटेशनं त्याच भागात सापडतात. फस ५२६ अमिनो आम्लांचं आणि त्याची मांडणी उलटी: टायरोसीनने भरलेला विस्कळीत भाग सुरुवातीलाच, पुढे एकच आरआरएम, एक झिंक फिंगर (जस्ताच्या आधाराने घडी राखणारा भाग) आणि त्यांच्या आजूबाजूला आर्जिनीनचे आरजीजी (आर्जिनीन-ग्लायसीन-ग्लायसीन) पट्टे.

म्हणून बंधनाची चाचणीही वेगवेगळी लावावी लागते. टीडीपी-४३ आरएनएमधल्या यूजी या अक्षरजोडीच्या पुनरावृत्ती निवडून धरतं. प्रोब (चाचणीचा आरएनए तुकडा) यूजीचा घ्या, कंट्रोलला एसीचा. शिवाय १४७ आणि १४९ या जागांवर फेनिलअॅलनिनऐवजी ल्युसीन असलेला, आरएनए नीट न धरणारा म्युटंट हाताशी असला तर उत्तमच. फस मात्र जवळपास कुठल्याही आरएनएला लोंबकळतं. यीस्टचा टीआरएनए स्पर्धक म्हणून घातल्याशिवाय फसच्या शिफ्टवर (आरएनए बांधला गेल्याने जेलवर सरकलेल्या पट्ट्यावर) आमचा विश्वास नाही.

शुद्धीकरणात जिवाणूचा आरएनए दोघांबरोबरही येतो. लायसिसलाच (पेशी फोडतानाच) १ मोलर मीठ आणि आरएनेज ए (आरएनए तोडणारं विकर) वापरा, मग २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं) पाहा. ते ०.६ च्या आसपास हवं. ०.८ च्या वर गेलं तर आरएनए अजून चिकटलेला आहे असं समजा. मग सांद्रताही फुगलेली दिसते आणि बंधनाचे आकडेही चुकतात. आरएनेज पुढच्या पायऱ्यांत पूर्ण धुऊन गेला पाहिजे, नाहीतर तो प्रोबच खाऊन टाकतो. टीडीपी-४३ मध्ये सहा सिस्टीन आहेत, तेव्हा डीटीटी (सिस्टीन एकमेकांना चिकटू न देणारं रसायन) ताजं घाला. फसच्या झिंक फिंगरला ईडीटीए (जस्तासारखे धातू ओढून घेणारं रसायन) चालत नाही, आणि टॅग कापणाऱ्या टीईव्ही प्रोटिएज या विकराच्या बफरमध्ये तो अनेकदा असतो. आधी लेबल वाचा.

टीईव्हीने टॅग कापल्यावर खरा घोळ जेलवर होतो. एमबीपी साधारण ४२ किलोडाल्टनचं, टीडीपी-४३ सुमारे ४५ चं. कुमासी रंगात दोघांचा एकच जाड पट्टा दिसतो आणि कापणी झाली तरी प्रथिन कुठे गेलं ते कळत नाही. इथे वेस्टर्न ब्लॉटला (प्रतिपिंडाने एकेक प्रथिन ओळखण्याला) पर्याय नाही. फसचं गणिती वजन ५३ किलोडाल्टन असलं तरी ते ७० च्या जवळ धावतं, त्यामुळे एमबीपीपासून स्पष्ट सुटं दिसतं. वर धावलेला तो पट्टा पाहून 'भलतंच प्रथिन आलं' म्हणून फेकू नका.

बर्फाची सवय फसच्या बाबतीत सोडा. थंडीत त्याचे थेंब (द्रावणातून वेगळे होणारे दाट प्रथिनाचे गोळे) उलट जास्त बनतात. कमी मिठात बर्फावर ठेवलेली ट्यूब दुधाळ होते, आणि तशीच ४ अंशांना फिरवली की प्रथिन तळाशी जातं. टॅग काढलेलं फस खोलीच्या तापमानाला, ५०० मिलिमोलर ते १ मोलर मिठात हाताळा. टीडीपी-४३ ची गोष्ट निराळी: टॅग असेपर्यंत ते बर्फावर ठीक राहतं. वितळवल्यावर १६,००० जी वर १० मिनिटं फिरवा, वरचं द्रावण घ्या आणि सांद्रता पुन्हा मोजा. ट्यूबवरचा आकडा धरू नका.

थेंबांच्या प्रयोगात मिठाचा हिशेब ठेवा. १ मोलर मिठातल्या १०० मायक्रोमोलर साठ्यातून १ मायक्रोलिटर घेऊन त्याचे २० मायक्रोलिटर केले, तर ५ मायक्रोमोलर प्रथिनाबरोबर ५० मिलिमोलर मीठही आत येतं. फसचे थेंब सुरुवातीला गोल असतात, एकमेकांत मिसळतात, काही तासांनी घट्ट होऊन तंतू फुटतात. टीडीपी-४३ चा टॅग काढला की बऱ्याचदा वेडेवाकडे गुठळे दिसतात. त्यांना थेंब म्हणण्याआधी मिसळतात का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

आणखी एक: ई. कोलायमध्ये आर्जिनीनवर मिथाइल गट लागत नाहीत, मानवी पेशीत फसवर लागतात. मिथाइलविना फस जास्त सहज थेंब करतं. जिवाणूतलं फस वापरून मोजलेली थेंबांची सांद्रता पेशीतल्या फसला तशीच लावता येत नाही.