आजीच्या डोळ्यांवर हेडसेट, पण पायांचं काय?

सध्या एका प्रकारचे व्हिडिओ बरेच फिरतात. खुर्चीत बसलेल्या आजी, डोळ्यांवर भलामोठा काळा हेडसेट, चेहऱ्यावर हसू. समोर समुद्र असतो, नाहीतर काशीचा घाट. आणि खाली मजकूर, 'व्हीआरमुळे आजींची स्मृती परतली!' व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, हेडसेटमधून दिसणारं आभासी जग. व्हिडिओ गोड असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मजकुराबद्दल आहे. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, गेलेली स्मृती हेडसेट परत आणत नाही.

मग काय होतं? मन रमतं. जुन्या वस्तू, फोटो, गाणी समोर ठेवून वृद्धांना बोलतं करायचं, या पद्धतीला बळ मिळालं ते अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांच्या 1963 च्या लेखापासून. व्हीआर हा त्याच पद्धतीचा नवा अवतार. सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नाही, पण माहेरच्या गावचा ओढा दिसला की त्यावरच्या साकवासकट सगळं वर्णन सुरू होतं, असं घडतं. आजवरचे बहुतेक प्रयोग लहान गटांवरचे आहेत. उत्साह वाढतो, काही जणांची उदासीनता थोडी कमी होते, असं त्यांत दिसतं. हे काही कमी नाही. पण मला विचाराल तर या क्षेत्रातली खरी मजेची गोष्ट दुसरीकडेच आहे. खुर्चीतून उठून हेडसेट घालून चाललं, तर हे यंत्र मेंदूच्या एका विशिष्ट कोपऱ्याची परीक्षा घेऊ शकतं. आणि अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, सुरू होतो त्याच कोपऱ्यात.

आधी एका मुंगीबद्दल. सहारा वाळवंटातली कॅटाग्लिफिस मुंगी अन्न शोधायला वेडीवाकडी भटकते आणि अन्न सापडलं की वारुळाकडे सरळ रेषेत परतते. वाटेत ना झाड, ना दगड. दिशा ती आकाशातल्या प्रकाशावरून ठरवते, पण अंतर? 2006 साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी अन्नापाशी पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले. परतताना या मुंग्या वारूळ ओलांडून पुढे गेल्या. ज्यांचे पाय आखूड केले होते त्या अलीकडेच थांबून वारूळ शोधू लागल्या. म्हणजे पावलांचा हिशोब चालू होता, फक्त पाऊल बदललं होतं.

आपणही हेच करतो. रात्री लाइट गेली की पलंगावरून उठून कपाटाकडे, तिथून डावीकडे वळून टॉर्चपाशी, आणि मिट्ट काळोखात परत पलंगावर. कुठल्याही क्षणी 'मी निघालो तिथून किती लांब, कोणत्या दिशेला आहे' याचा हिशोब मेंदू स्वतःच्या हालचालीवरून मांडत असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग वळणं कळवतो, स्नायू आणि सांधे पावलं कळवतात, उजेड असेल तर डोळे वेग कळवतात. या सगळ्याची बेरीज म्हणजे मार्ग-संकलन.

ही बेरीज होते कुठे? लंडनमध्ये जॉन ओकीफ यांनी 1971 साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, अशा पेशी दाखवल्या, ज्या उंदीर खोलीत एका ठराविक जागी आला की पेटतात. त्या 'स्थान-पेशी'. 2005 साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने त्याहून चक्रावणारी गोष्ट जाहीर केली. हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एंटोरायनल कॉर्टेक्समधली एकच पेशी एका जागी नव्हे, अनेक जागी पेटते, आणि त्या जागा जमिनीवर मांडल्या तर नक्षी तयार होते. '13 ते 7 मधले ठिपके' अशी रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना ती लगेच ओळखता येईल. प्रत्येक ओळीचा ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, आणि एका ठिपक्याभोवती सारख्या अंतरावर सहा. जमिनीवर अर्थातच काहीही काढलेलं नसतं. उंदीर काळोखात धावला तरी ही जाळी टिकते. शेजारच्या पेशीची जाळी तशीच, फक्त जरा सरकलेली. मेंदूच्या त्या भागात जसजसं खोल जावं तसतशी ठिपक्यांमधली अंतरं मोठी होत जातात. बारीक आणि मोठ्या मापाच्या अनेक जाळ्या एकत्र वाचल्या की जागा नेमकी कळते, जशी एकक-दशक-शतकांतून संख्या. ओकीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं ते यासाठी.

पण बेरीज म्हटली की चूक आलीच. दर पावलाला वेगाचा अंदाज किंचित चुकतो आणि चुका साचत जातात. खिडकी, दार, कोपरा अशी ओळखीची खूण दिसली की हिशोब दुरुस्त होतो. खुणा काढून घेतल्या, तर उघडी पडते ती नुसती जाळीची ताकद. ती वयानुसार प्रत्येकाचीच थोडी कमी होते.

आता आजाराकडे. अल्झायमरमध्ये टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते पेशींत साचतात. जर्मन दांपत्य हायको आणि एफा ब्राक यांनी 1991 साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून या गुंत्यांच्या पसरण्याचे टप्पे मांडले. मेंदूच्या बाह्य थरात सुरुवात होते एंटोरायनल भागाच्या आसपास, लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. 1996 च्या एका अभ्यासात अगदी सौम्य अवस्थेतल्या रुग्णांतही या भागाच्या दुसऱ्या थरातल्या सुमारे 60 टक्के पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. जाळी विणणाऱ्या पेशी याच थरात भरपूर असतात. नेहमीच्या मंडईतून परतताना वळण चुकणं हे अनेक घरांत पहिलं लक्षण ठरतं, त्यामागे हे कारण आहे. याला 'बाहेरचं' समजून अंगारा लावणारे आणि 'म्हातारचळ' म्हणून सोडून देणारे, दोघेही पेशंटचा वेळ सारखाच घालवतात.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेली चाचणी नेमकी इथे बोट ठेवते. हेडसेट घालून माणूस खऱ्या खोलीत, खऱ्या पायांनी चालतो. समोर एक शंकू दिसतो, तिथवर जायचं. तो नाहीसा होतो, दुसरा दिसतो. मग तिसरा. आता सांगतात, पहिला शंकू जिथे होता तिथे परत जा. काही फेऱ्यांत दूरचे डोंगर-इमारती गायब केलेल्या असतात, काहींत जमिनीवरची नक्षी. थांबलेली जागा आणि खरी जागा यांतलं अंतर मोजलं की झालं. स्मृती सौम्यपणे घसरलेले 45 जण आणि 41 निरोगी लोक यात होते. घसरण असलेल्यांपैकी ज्यांच्या पाठीतल्या पाण्यात अल्झायमरच्या खुणा होत्या त्यांची चूक जास्त, ज्यांच्यात नव्हत्या त्यांची कमी. नेहमीच्या कागदी चाचण्यांपेक्षा हा फरक इथे चांगला दिसला. एमआरआयमध्ये एंटोरायनल भाग जितका लहान, तितकी चूक मोठी, असंही आढळलं.

चालण्यावर माझा इतका भर का? मयंक मेहता यांच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत उंदरांना पट्ट्याने एका जागी धरून, पायाखाली फिरता गोळा ठेवून आभासी खोलीत धावायला लावलं. डोळ्यांपुढचं जग अगदी खऱ्यासारखं सरकत होतं, पण शरीर जागचं हललं नव्हतं. 2013 साली त्यांनी दाखवलं की खऱ्या मार्गावर चालू असणाऱ्या स्थान-पेशींच्या मानाने इथे निम्म्याहून कमी पेशी कामाला लागल्या. डोळे सांगतात 'चाललो', कान सांगतो 'नाही', आणि हिशोबनीस गोंधळतो. खुर्चीतल्या आजींचंही साधारण हेच. म्हणून 'रोज अर्धा तास व्हीआर, मेंदू तल्लख' छाप जाहिराती वाचताना हात खिशावर ठेवावा. स्मृतिभ्रंश रोखण्याचे पोकळ दावे केले म्हणून 'ल्युमॉसिटी' हा मेंदूच्या खेळांचा कार्यक्रम चालवणाऱ्या कंपनीला 2016 साली अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड करून 20 लाख डॉलर मोजावे लागले होते.

आपल्याकडे केंब्रिजच्या त्या चालण्याच्या चाचणीचा आणखी एक फायदा संभवतो. भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. त्यांतल्या कितीतरी बायका शाळेत गेलेल्याच नाहीत. शंभरातून सात-सात वजा करा, घड्याळ काढा, हे प्रश्न त्यांच्या स्मृतीपेक्षा त्यांच्या शाळेबद्दलच जास्त सांगतात. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी 1990 च्या दशकात निरक्षरांना चालेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम बनवावी लागली ती त्यामुळेच. तीन ठिकाणी चालून परत यायला अक्षरओळख लागत नाही. गुडघे मात्र बरे लागतात, आणि डोक्यावर यंत्र चढवून घ्यायची तयारीही.

घरी केवळ विरंगुळ्यासाठी हेडसेट वापरणार असाल तर हाताची खुर्ची घ्या, उभं करू नका. आधी यंत्र त्यांच्या हातात द्या, उलटंपालटं करू द्या. अंबाडा असेल तर पट्टा त्याच्या खालून घ्या, वरून घेतला तर तो सरकतो आणि चित्र धूसर दिसतं. श्रवणयंत्र काढू नका. दृश्य स्थिर निवडा. गाडीतून किंवा बोटीतून जाण्याची दृश्यं डोळे आणि कान यांच्यात तेच भांडण लावतात आणि मळमळतं. पाच मिनिटं पुरे. 'हे खरं नाही' हे ज्यांना लक्षात ठेवता येत नाही त्यांना अजिबात लावू नका, त्यांच्यासाठी जुना अल्बमच बरा. आणि बोलता बोलता आजी गप्प झाल्या, कपाळावर घाम दिसला, तर दृश्य संपायची वाट न बघता हेडसेट काढा.