अंधारात टकटक करणारी पाकोळी

'कोकणातल्या पक्ष्याच्या घरट्याचं सूप प्या, म्हातारपण पळवा' असा एक निरोप परवा मोबाईलवर आला. पुढे घरट्याचा किलोचा भाव, अर्थातच लाखांत. तो पक्षी म्हणजे भारतीय पाकोळी. सूप राहू द्या, पण पक्ष्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

सिंधुदुर्गातले दुर्मीळ पक्षी म्हटलं की नजर आंबोली-तिळारीच्या डोंगरांकडे वळते. राजधनेश, वाळक्या फांदीसारखा निपचित बसणारा बेडूकमुखी, पावसाळ्यात मातीच्या दरडीत बीळ कोरणारा तिबोटी खंड्या. कॅमेरेवाल्यांची गर्दी यांच्यासाठी, आणि ती योग्यच. पाकोळीचा फोटो मात्र कोणी फ्रेम करून लावणार नाही. चिमणीहून लहान, मळकट तपकिरी आणि क्षणभरही स्वस्थ नसलेली. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडक आहेत. तिथे सुरय पक्षी अंडी घालतात आणि 'बर्न्ट आयलंड'च्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअलींनी या दोन्ही पक्ष्यांवर 1942 मध्ये लेख लिहिला होता.

गुहेत आत गेलं की मिट्ट काळोख. पाकोळी तिथे धडकत कशी नाही? ती टकटक करते. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून तिला अंतर कळतं. वटवाघळासारखंच, पण एक फरक आहे. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा.

हा फरक कानातून आलेला आहे. आपल्या आणि वटवाघळाच्या मध्यकर्णात 3 हाडं असतात, पक्ष्याच्या मध्यकर्णात एकच. बहुतेक पक्ष्यांना साधारण 10 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 10 हजार कंपनांच्या) वरचं काही ऐकू येत नाही. जे ऐकूच येणार नाही ते ओरडून काय उपयोग? म्हणून पाकोळीला खालच्या पट्टीतच भागवावं लागतं.

त्याची किंमत मोजून पाहू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. त्याला वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांनी, भागलं की तरंगलांबी मिळते, म्हणजे एका लाटेची लांबी. वटवाघळाचा 50 किलोहर्ट्झचा आवाज घेतला तर ती सुमारे 7 मिलिमीटर, पाकोळीचा 4 किलोहर्ट्झचा घेतला तर साडेआठ सेंटिमीटर. वस्तू तरंगलांबीपेक्षा फारच लहान असेल, तर लाट तिला वळसा घालून पुढे जाते आणि प्रतिध्वनी नावापुरताच उरतो. बंदरातल्या लाटा धक्क्यावरून उलटतात, रोवलेल्या काठीवरून नाही, तसंच हे. तेव्हा पाकोळीला भिंत कळते, चिलट कळत नाही. वटवाघूळ रात्री प्रतिध्वनीवर किडे पकडतं. पाकोळीला मात्र दिवसाउजेडी, डोळ्यांनीच शिकार करावी लागते. प्रतिध्वनी फक्त घरी परतण्यापुरता.

वेळेचं गणितही नाजूक. भिंत 3.4 मीटरवर असेल तर प्रतिध्वनी 20 मिलिसेकंदांत येतो, 34 सेंटिमीटरवर आली की 2 मिलिसेकंदांत. काळोख वाढला की पाकोळी टकटक भराभर करते. अंतर झपाट्याने बदलत असताना जुनं उत्तर कामाचं नसतं.

घरटं बांधते ती स्वतःच्या लाळेने. विणीच्या हंगामात तिच्या जिभेखालच्या लाळग्रंथी फुगतात. ती लाळ कातळावर थरावर थर लावून वाळवते, मध्येच काडी किंवा पीस चिकटवते. तयार होते अर्धी वाटी. पाकोळीला फांदीवर बसता येत नाही, तिचे पाय उभ्या कातळाला लटकण्यापुरतेच.

आता ते सूप. लाळेत मुख्यतः शर्करा जोडलेली प्रथिनं असतात. त्यांनी तारुण्य परत येत असतं तर पाकोळ्या अमर झाल्या असत्या. प्रथिनंच हवीत तर कुळथाची पिठी करा, स्वस्त पडेल. या खुळापायी वेंगुर्ल्याच्या गुहेतलीही घरटी चोरली गेली आहेत. अंडी घालण्याआधी घरटं ओरबाडलं तर पाकोळीला सगळी लाळ पुन्हा गाळावी लागते. अंड्यांसकट गेलं तर त्या जोडीची ती वीणच गेली.