सापाचं बायोअ‍ॅक्टिव्ह टेरॅरियम

बायोअ‍ॅक्टिव्ह टेरॅरियम म्हणजे पाळीव सापासाठी काचेच्या किंवा पीव्हीसीच्या पेटीत जिवंत माती, झाडं आणि बारीक जीव सोडून केलेलं घर, ज्यात सापाची घाण बरीचशी मातीतच जिरते. सगळे झाडांवर भाळतात, पण खरा खेळ आहे तो खालच्या मातीचा.

तळाला भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा साधारण ५ सेंमी थर, जास्तीचं पाणी त्यात उतरतं. त्यावर जाळी, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बिनखताची माती आणि थोडी वाळू मिळून ८-१० सेंमी तरी, आणि वर वाळकी पानं भरपूर. मूठभर माती दाबून बघायची, गोळा व्हायला हवा पण बोटांतून पाणी गळता कामा नये, कारण सतत चिखलात राहिला तर सापाच्या पोटाचे खवले सडतात. मग स्प्रिंगटेल (टुणकन उडणारे अगदी बारीक, किड्यांसारखे जीव) आणि आयसोपॉड (ओलसर जागी राहणारे कवचवाले छोटे जीव) सोडायचे. स्प्रिंगटेल बुरशी खातात, आयसोपॉड विष्ठा, कात, कुजकी पानं. नव्या लाकडावर सुरुवातीला पांढरी बुरशी कापसासारखी फुलते, बघून धस्स होतं, पण स्प्रिंगटेल वाढले की ती आपोआप कमी होते. म्हणून साप आणायच्या आधी महिनाभर पेटी नुसती चालू ठेवलेली बरी, आणि नवा साप आधी वेगळ्या साध्या पेटीत ठेवून त्याला गोचिड्या वगैरे नाहीत ना बघायचं.

साप स्वतःचं तापमान जागा बदलून सांभाळतो, त्यामुळे पेटीचं एक टोक गरम, एक गार. कॉर्न स्नेकला गरम बाजू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि गार बाजू २२-२४ चालते, बॉल पायथनला थोडी जास्त ऊब आणि दमटपणा लागतो. लपायची जागा दोन्ही टोकांना हवीच! एकाच बाजूला दिली तर भित्रा साप ऊब सोडेल पण बीळ सोडणार नाही, मग खाल्लेलं पचत नाही आणि मालक म्हणतो साप आजारी पडला. हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही, गरम होणारे दगड तर नकोच, पोट भाजतं. देवदाराचा भुसाही नको, त्यातली तेलं सापाला बाधतात.

झाडांत मनी प्लांट, स्नेक प्लांट टिकतात, नाजूक काही लावू नये, जाड साप सगळं आडवं करतो. कुंडीसकट पुरलं तर मुळं तरी वाचतात.