प्रवेशपृष्ठ (संकेतस्थळाचे)

संकेतस्थळाच्या एका भेटीत वाचकाने सर्वांत आधी उघडलेले पान. मुखपृष्ठ एकच असते. प्रवेशपृष्ठ मात्र कोणतेही पान ठरू शकते, कारण शोधयंत्र, क्यूआर कोड किंवा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेली लिंक वाचकाला थेट आतल्या पानावर नेते. जाहिरातीसाठी मुद्दाम तयार केलेल्या अशा पानाला लँडिंग पेज म्हणतात; सैल वापरात दोन्ही एकच मानतात.

लँडिंग पेजचा उगम वादग्रस्त आहे. ऑफिस या सॉफ्टवेअरची ऑनलाइन विक्री वाढावी म्हणून मायक्रोसॉफ्टने २००३ च्या अखेरीस ते प्रचारात आणले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. तथापि ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर झळकलेली एटी अँड टी कंपनीची जाहिरात क्लिक केली, की कलासंग्रहालयांची सफर घडवणारे स्वतंत्र पान उघडत असे. त्यामुळे ही पद्धत १९९० च्या दशकातली मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

प्रवेशपृष्ठ ठरवायचे तर भेट कुठे सुरू झाली हे आधी ठरवावे लागते, आणि अडचण तिथेच आहे. ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण ज्या एचटीटीपी नियमावलीने चालते, तीत प्रत्येक मागणी सुटी, आधीच्या मागणीशी न जोडलेली असते. वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणारी नोंद (या नियमावलीच्या मे १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात तिचे वर्णन आहे) ऐच्छिक असते. व्हॉट्सॲपमधून उघडलेल्या लिंकसोबत ती बहुधा येत नाही आणि भेट ‘थेट’ या सदरात जमा होते. भेटीची हद्द सामान्यतः ३० मिनिटांच्या खंडाने आखतात, म्हणजे तेवढा वेळ वाचकाने काहीच उघडले नाही तर भेट संपली असे धरतात. या आकड्यामागे कॅटलेज व पिटको यांचा १९९५ मधील अभ्यास असावा, त्यांनी २५.५ मिनिटे ही मर्यादा काढली होती, पण ती एका अमेरिकन विद्यापीठातील वापरकर्त्यांवरून. ‘ॲनालॉग’ या नोंदविश्लेषकाचे कर्ते स्टीफन टर्नर यांनी तर वाचक कुठून आत आला हे सर्व्हरच्या नोंदींवरून खात्रीने सांगता येत नाही, अशीच भूमिका घेतली. पुढे कुकींमुळे (तोच ब्राउझर पुन्हा ओळखता यावा म्हणून त्यात साठवलेल्या छोट्या खुणांमुळे) मोजणी सुधारली, तरी टर्नर यांचा आक्षेप ग्रामीण विदर्भाला आजही चपखल लागू पडतो.

येथे अनेकांचा संकेतस्थळाशी पहिला संबंध सेतू केंद्रात किंवा तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात येतो. ‘भाऊ, माहा सातबारा काहाडून द्या,’ एवढेच शेतकरी सांगतो; माऊस चालकाच्या हाती असतो. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर विभाग निवडावा लागतो: अमरावती विभागात पाच जिल्हे, नागपूर विभागात सहा. मग जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक. एक उतारा निघाला की चालक त्याच टॅबमध्ये मागे जाऊन पुढच्या माणसाचे गाव निवडतो. बाजाराच्या दिवशी मध्ये अर्ध्या तासाचा खंड पडतच नाही. साहजिकच दहा-बारा शेतकऱ्यांची कामे मोजणीत एकच जुना वाचक व एकच भेट ठरतात, आणि प्रवेशपृष्ठ म्हणून नोंद होते ती चालकाने सकाळी बुकमार्कवरून उघडलेल्या पानाची. (डिजिटल सहीचा उतारा वेगळ्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतो; तिथेही खाते बहुधा चालकाचेच असते.)

स्वतःच्या मोबाईलवरून येणाऱ्यांची नोंद वेगळ्या कारणाने फसते. भेट कोणत्या गावाहून झाली याचा अंदाज आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकावरून बांधतात; पण मोबाईल कंपन्या असंख्य ग्राहकांना मोजक्या सामाईक आयपी पत्त्यांमागे ठेवतात. त्यामुळे विदर्भातल्या धारणीची किंवा एटापल्लीची भेट अहवालात नागपूर वा मुंबईच्या नावावर दिसू शकते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर असे वाचक वाढले. बोलून शोध घेण्याची सोय असल्याने पत्ता टाइप करणे मागे पडले आहे.

राज्यभर ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः करायची पिकांची नोंद, मोबाईल ॲपवर होते. ॲप उघडले की ठरावीकच पडदा समोर येतो, त्यामुळे प्रवेशपृष्ठाची संकल्पना तिथे जशीच्या तशी लागू होत नाही.