बिल एक, ओळी दहा, दर मात्र बेपत्ता

मामाच्या बी-बियाणं आणि खतांच्या दुकानासाठी मी अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, बिलाचा फॉर्म बनवून दिला होता. वर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख, खाली मालाच्या ओळी. वरचा मुख्य फॉर्म आणि त्याच्या पोटात बसवलेला ओळींचा सबफॉर्म. ओळीत मालाचा कोड टाकला की दराच्या तक्त्यातून दर आपोआप यावा, एवढीच अपेक्षा. ओळींचा फॉर्म एकटा उघडला की दर चोख यायचा. तोच बिलाच्या पोटात बसवला की दराच्या चौकटीत उमटायचं ‘हॅश नेम’ आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मामा म्हणाला, "कोणाचं नाव विचारतोय रे हा?"

हसू आलं, पण प्रश्न नेमका होता. मी सूत्रात एक नाव लिहिलं होतं आणि त्या नावाचं कोणी यंत्राला सापडत नव्हतं.

मुळात दर बिलातच का लिहून ठेवत नाहीत? १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत राहते आणि कोडसारख्या सामाईक खुणेने जोडली जाते. युरियाचं नाव, गोणीचं वजन, आजचा दर हे सगळं मालाच्या तक्त्यात एकदाच. बिलाच्या ओळीत फक्त कोड. गरज पडली की कोड घेऊन जायचं आणि हवं ते शोधून आणायचं. अ‍ॅक्सेसमध्ये हे काम ‘डीलुकअप’ करतं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: काय आणायचं, कोणत्या तक्त्यातून, आणि कोणत्या अटीवर.

माझी चूक अटीत होती. ‘उघड्या फॉर्मपैकी ओळींच्या फॉर्ममधला कोड घे’ असं मी लिहिलं होतं. पण अ‍ॅक्सेसच्या लेखी उघडे फॉर्म म्हणजे फक्त स्वतंत्र उघडलेले. पोटातला फॉर्म त्या यादीत नसतोच. भाडेकरूचं नाव घरपट्टीच्या पावतीवर शोधावं, तसं झालं. त्याच्यापर्यंत घरमालकाच्या दारातूनच जावं लागतं: आधी मुख्य फॉर्म, मग सबफॉर्म ज्या चौकटीत बसवलाय ती चौकट, मग त्या चौकटीतला फॉर्म, आणि शेवटी कोडाची जागा. यातही एक खोडी आहे. चौकटीचं नाव आणि आतल्या फॉर्मचं नाव वेगळं असू शकतं. टूलबॉक्समधून चौकट ओढून आणली तर तिला ‘चाइल्ड’ आणि पुढे एखादा आकडा असं नाव आपोआप मिळतं. पत्त्यात चालतं ते चौकटीचं नाव. माझा अर्धा दिवस इथे गेला.

पत्ता दुरुस्त केला. दर येऊ लागले, पण सगळ्यात खालच्या कोऱ्या ओळीत आता ‘हॅश एरर’. ही वेगळी तक्रार. नाव सापडलं, पण हिशेब होईना. कोऱ्या ओळीत कोडच नाही, म्हणजे अट उरते ‘कोड बरोबर...’ आणि पुढे काहीच नाही. असलं अर्धवट वाक्य डेटाबेसला समजत नाही. ही रिकामी जागा म्हणजे ‘नल’. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. दोन नल एकमेकांशी समान आहेत का, विचारलं तर उत्तर होही येत नाही आणि नाहीही, तेही नलच. नलला दहा गोण्यांनी गुणलं तरी नलच. उपाय म्हणून ‘एनझेड’ हे फंक्शन लावायचं: रिकामं असेल तर शून्य धर. शून्य कोडाचा माल नाही, त्यामुळे चौकट गुपचूप कोरी राहते.

एरर दिसते तोवर ठीक. खरा वैताग न दिसणाऱ्या चुकांचा. शोध नावावरून असेल तर अटीत नाव अवतरणचिन्हांत लिहावं लागतं, आणि ते एकेरी असलं तर वसईकडच्या एखाद्या गिऱ्हाइकाचं आडनाव इंग्रजीत ‘डी, वर स्वल्पविराम, सूझा’ असं आलं की तो स्वल्पविरामच अवतरण संपवून टाकतो. हे निदान ओरडून तरी सांगतं. तारीख तेवढीही दया दाखवत नाही. ५/७ म्हणजे आपल्याला ५ जुलै. अटीत हॅशच्या चिन्हांत तशीच घातली तर अ‍ॅक्सेस अमेरिकी रीतीने ७ मे वाचतं. २५/७ आली की पंचविसावा महिना नाही म्हणून मुकाट्याने २५ जुलै धरतं. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चूक, पुढे सगळं आलबेल. मामाची हंगामी सवलत अशीच ‘कधी लागते, कधी नाही’ होती. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिली, की हा घोळ मिटतो.

अशा वेळी मी सूत्राकडे टक लावून बसत नाही. बिल उघडं ठेवून कंट्रोल आणि जी दाबायचं. खाली इमिजिएट विंडो उघडते. तिथे प्रश्नचिन्ह टाकून पत्ता तुकड्यातुकड्याने विचारायचा. मुख्य फॉर्मवरचा बिल क्रमांक सांग. आला? आता चौकटीतल्या फॉर्मचं नाव. आलं? आता कोड. ज्या पायरीवर उत्तर येत नाही, तिथे गाडं अडलंय.

सगळं सुरळीत झाल्यावर मामाने हौसेने मागच्या खरिपाचं एक बिल उघडलं आणि कपाळाला हात लावला. बेरीज हातातल्या छापील पावतीशी जुळेना. दर मालाच्या तक्त्यातून येत होता, आणि तक्त्यात दर होता यंदाचा. त्या रात्री बसून ओळीच्या तक्त्यात ‘विक्रीचा दर’ असा एक रकाना वाढवला. कोड टाकताक्षणी दर एकदा आणायचा आणि तिथेच लिहून ठेवायचा. जुन्या बिलांचे दर मात्र पावतीपुस्तकातून हाताने भरावे लागले. मामा वाचत होता, मी भरत होतो.