ठोसा निघायच्या आधीच चुकवणारा माणूस

3 मे 2015, रविवार सकाळ. तिकडे लास वेगासमध्ये शनिवारची रात्र चाललेली आणि इकडे म्हापशाला आमच्या घरात टेबलावर पातळभाजी नि उंडे, टीव्हीवर बॉक्सिंगची लढत, अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर विरुद्ध फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ. पॅकियाओ म्हणजे हातांचा पाऊस पाडणारा माणूस, पण त्या दिवशी 12 राउंडमध्ये त्याने 429 पंच मारले आणि पंच मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीच्या मोजणीत त्यातले लागले फक्त 81, म्हणजे पाचातला एकसुद्धा नाही. माझा भाचा तेव्हा अगदी लहान होता, मांडीवर बसून बघत होता. आता तो स्वतः बॉक्सिंग शिकतो आणि गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, "मामा, मेवेदरला हरवायचंच असतं तर नेमकं काय करायला हवं होतं?" तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

आधी एक समज काढून टाकूया. लोक म्हणतात मेवेदर खूप फास्ट म्हणून त्याला पंच लागत नाही. फास्ट तो होताच, पण नुसत्या वेगावर हे जमत नाही. डोळ्याला काही दिसल्यापासून स्नायू हलायला लागेपर्यंत माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, सराव केला तरी त्यात फार काही कमी होत नाही, आणि चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच, त्याच्या निम्म्या वेळात पोचू शकतो. म्हणजे पंच निघालेला बघून मग चुकवायचा म्हटलं तर तो आधीच नाकावर बसलेला असतो.

आपल्या गोव्यात हे समजवायला फुटबॉल पुरे. पेनल्टीचं अंतर 11 मीटर, ताशी 90 किलोमीटरने मारलेला बॉल साधारण 0.44 सेकंदात गोलमध्ये. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर बॉल बघून झेप घेत नाही, तो मारणाऱ्याचा टेकवलेला पाय, कंबर, खांदा कुठे वळतोय ते वाचतो आणि बॉल सुटायच्या सुमारास अंदाजावर निघतो. बचाव करणारा बॉक्सरही हेच करतो, समोरच्याचा खांदा जरासा पुढे आला, वजन मागच्या पायावर गेलं, कोपर सुटलं, एवढ्यावरून त्याच्या मेंदूला कळतं की आता उजवा, म्हणजे उजव्या हाताचा पंच येतोय. त्याचा खरा बचाव हातात नसून त्याच्या अंदाजात असतो, आणि माझ्या मते कमजोरीही तिथेच शोधायला हवी.

आता मेवेदरचा तो शोल्डर रोल. डावा खांदा वर आणि पुढे, हनुवटी त्याच्यामागे, डावा हात पोटावर आडवा, उजवा गालाजवळ. समोरच्याचा सरळ उजवा आला की खांदा किंचित फिरवायचा, पंच तिरका लागतो आणि घसरून जातो, त्याचा जोर अंगात शिरतच नाही. शिवाय अंगही पंचाबरोबर मागे जातं, त्यामुळे धक्का जास्त वेळात वाटला जातो आणि जाणवतो कमी. क्रिकेटमध्ये कॅच घेताना हात मागे घेतो ना, तेच.

पण हे सगळं उभं आहे दोन गोष्टींवर, एक म्हणजे पंच ओळखीच्या दिशेने आला पाहिजे आणि दुसरं म्हणजे मागे सरकायला जागा पाहिजे. 3 मे 2014 ला अर्जेंटिनाचा बॉक्सर मार्कोस मैदाना याने या दोन्ही काढून घेतल्या. त्याने मेवेदरला दोरांना लावलं, मागची जागाच संपवली, आणि उजवा सरळ न मारता वरून गोल फिरवून टाकला, जो खांद्याला न अडकता त्याच्यावरून डोक्यावर पडतो. तसला पंच फार कुणी मारत नाही, म्हणून त्याची आगाऊ खूणही मेवेदरच्या ओळखीची नव्हती. त्या रात्री मैदानाचे 221 पंच लागले, आणि वर्षभराने पॅकियाओचे 81! ज्याला अनेक जण रांगडा म्हणत होते त्याच्या त्या रांगडेपणातच माहिती कमी होती, म्हणून तो वाचायला कठीण गेला. ही झाली पहिली वाट, आणि मला ती फार मोलाची वाटते.

डावखुऱ्यांचंही तसंच. डावखुऱ्याचा जोरदार डावा हात मेवेदरच्या उजव्या बाजूने येतो आणि ढालीसारखा खांदा तर डावीकडे! 2004 मध्ये डेमार्कस कॉर्लीने त्याला हादरवलं, 2006 मध्ये झॅब जुडाने सुरुवातीचे राउंड त्रास दिला, दोघेही डावखुरे. मग पॅकियाओ पण डावखुराच, त्याचं काय? तिथे मेवेदरने खांद्यावर फारसं अवलंबूनच राहायचं नाही असं ठरवलं, अंतर लांब ठेवलं आणि सरळ उजवा मारत राहिला.

दुसरी वाट छातीची. डोकं जेमतेम साडेचार-पाच किलोचं, मानेवर पटकन हलतं, पण धड म्हणजे जवळजवळ अर्धं वजन, वेल्टरवेट या त्याच्या वजनगटाच्या 66.7 किलोतले तीसेक किलो, ते हलवायला पाय हलवावे लागतात आणि पायांना वेळ लागतो. म्हणून जे हलत नाही तिथे मारायचं, छाती, दंड, बरगड्या. 2002 मध्ये होसे लुईस कास्तियो असाच चिकटून पोटावर काम करत राहिला, कॉम्प्युबॉक्सच्या हिशेबात त्याचे 203 लागले आणि मेवेदरचे 157. जजेसनी निकाल मेवेदरला दिला, त्यावर आजपण वाद चालतो.

तिसरी गोष्ट हूल, आणि ही मला सगळ्यात सुंदर वाटते. 1931 साली टेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एका खुणेला प्रतिसाद देताना लगेच दुसरी खूण आली तर दुसरीचा प्रतिसाद रेंगाळतो, मेंदू पहिलीचं काम उरकल्याशिवाय दुसरीला हात घालत नाही. कबड्डीत रेडर पाय टाकल्यासारखं करतो आणि हात लावून जातो, ते याच जोरावर. आणि गंमत अशी की जो सगळ्यात चांगलं वाचतो त्याला खोटी खूणही सगळ्यात आधी दिसते. नवशिक्याला हूल कळतच नाही, मग तो फसणार कसा?

समोरच्यांना एवढं सगळं माहीत असून 50 पैकी 50 लढती मेवेदर जिंकलाच कसा, असं भाच्याने विचारलं. एक कारण समोरच्याचा थकवा. पंच लागला की समोरचं अंग तुमचा हात थांबवतं, हुकला की तुमच्याच खांद्याच्या आणि पाठीच्या स्नायूंना ब्रेक मारावा लागतो. 2010 मध्ये शेन मोझलीने दुसऱ्या राउंडमध्ये उजवा घालून मेवेदरचे गुडघे वाकवले होते, पण मेवेदरने बिलगून वेळ काढला आणि पुढच्या राउंडमध्ये मोझलीचेच हात जड झाले. दुसरं कारण म्हणजे मेवेदर लढता लढता शिकायचा. 13 सप्टेंबर 2014 ला मैदाना पुन्हा समोर आला तेव्हा त्याचा तो गोल उजवा आता ओळखीचा झालेला, मेवेदर दोरांपासून लांब राहिला आणि आरामात जिंकला. म्हणजे नवेपणाचा फायदा एकदाच मिळतो, तोही सुरुवातीच्या राउंडमध्ये जास्त, म्हणून तो वापरायचा तर घाईने मोठा पंच मारत सुटण्यापेक्षा आधी पाच-सहा खोट्या खुणा पेरून ठेवलेल्या बऱ्या.

भाच्याला सध्या एकच काम दिलंय. पार्टनरच्या डोक्याला हातच लावायचा नाही, तीन राउंड फक्त छातीवर हलके जॅब, आणि दर चौथ्या जॅबला नुसता खांदा हलवायचा, हात न सोडता. काल त्याचा फोन आला, म्हणाला, "मामा, दुसऱ्या राउंडपासून तो माझ्या खांद्यालाच दचकायला लागला."