शिगा कोगेनला निघण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जपानची सहल ठरली की टोकियो, क्योटो, ओसाका यादीत येतातच. हल्ली त्याला जोडून मागणी असते, ‘त्यातच एक दिवस बर्फाचा बसवा’. एकच दिवस हाताशी असेल तर आम्ही शिगा कोगेन हे डोंगरातलं स्की क्षेत्र सुचवत नाही. टोकियोहून सकाळी शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडून गाला युझावाला जा, बर्फात मनसोक्त लोळा, संध्याकाळी परत या. तिथे स्टेशनातूनच थेट स्की मैदानाकडे जाता येतं, त्यामुळे धावत्या भेटीला ते उत्तम. शिगा कोगेनला जायचं तर किमान तीन रात्री मुक्काम करायला जा. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी पाय ऐकू लागतात आणि खरी मजा तिसऱ्या दिवशी येते. दोन रात्रींचं पॅकेज मागितलंत तर देऊ, पण आधी एकदा तुमच्याशी वाद घालू.

जागा कशी आहे

नागानो प्रांतातलं शिगा कोगेन हे जपानमधल्या सर्वांत मोठ्या स्की क्षेत्रांपैकी एक. डोंगरमाथ्यांवर पसरलेली दीड डझनाच्या आसपास मैदानं आणि सगळीकडे चालणारा एकच पास. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधल्या काही शर्यती इथल्याच उतारांवर झाल्या. इथल्या योकोतेयामा डोंगराचा माथा २,३०७ मीटरवर आहे. तिथपर्यंत लिफ्टने, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या खुर्चीने, जाता येतं आणि वर एक बेकरी आहे. तिथला गरम पाव आणि सूप यासाठी रांग लागते, ती लावण्यासारखी आहे.

बर्फ जास्त हवा तर होक्काइदोतलं निसेको, हे खरं. पण त्यासाठी आणखी एक विमानप्रवास आणि बराच जास्त खर्च. शिगाची उंचीच इतकी, की बर्फ कोरडा आणि भुसभुशीत राहतो, चिखल लवकर होत नाही. जानेवारीत पारा सहज उणे दहाच्या खाली जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे मनाली नाही. माल रोड नाही, रात्रीचा बाजार नाही. हॉटेलात संध्याकाळी ठरलेल्या वेळी जेवण, मग गरम पाण्याचं कुंड, मग झोप. बरीच हॉटेलं जुन्या बांधणीची आहेत. काही खोल्यांत तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटईवर, गादी घालून झोपायचं असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर पलंगाची खोली मागून घ्यावी लागते, तेव्हा बुकिंगच्या वेळीच सांगा.

जायचं कसं

टोकियोहून होकुरिकू शिंकान्सेनने नागानो, दीड तासाच्या आसपास. ही गाडी नागानोपर्यंत सुरू झाली तीच ऑलिंपिकच्या तोंडावर, १९९७मध्ये. स्टेशनबाहेरून बस थेट डोंगरावर जाते. मोठ्या बॅगा घेऊन हा प्रवास करू नका. टोकियोच्या हॉटेलातूनच त्या ताक्युबिनने, म्हणजे घरपोच सामान सेवेने, पुढे पाठवता येतात. साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून एक रात्रीचे कपडे पाठपिशवीत ठेवा.

नकाशात शेजारीच कुसात्सु हे गरम झऱ्यांचं प्रसिद्ध गाव दिसतं आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, ‘तिकडून उतरू या का?’ हिवाळ्यात तो घाटरस्ता बर्फामुळे बंद असतो आणि एप्रिलच्या अखेरीस उघडतो.

कधी जायचं

२९ डिसेंबर ते ३ जानेवारी टाळा. जपानी लोकांचीही सुट्टी तेव्हाच असते, दर चढे आणि लिफ्टला गर्दी. मधल्या जानेवारीपासून फेब्रुवारीपर्यंत बर्फ सर्वांत छान, फक्त शनिवार-रविवार वगळा. मुलांच्या परीक्षांमुळे एप्रिलशिवाय जमत नसेल तरी निराश होऊ नका. उंचावरच्या मैदानांवर तेव्हाही बर्फ असतो. मात्र दुपारनंतर तो ओला आणि जड होतो, म्हणून सकाळी लवकर उतरायचं.

बूट, वजन आणि खरं बोलणं

स्की, काठ्या, बूट, हेल्मेट, जाकीट, पँट सगळं तिथे भाड्याने मिळतं. हातमोजे, कानटोपी आणि गॉगल मात्र स्वतःचे न्या. जपानमध्ये बुटांचं माप सेंटीमीटरमध्ये असतं. घरी भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि अंतर मोजा. आपला नेहमीचा ‘आठ नंबर’ तिथे उपयोगाचा नाही.

दुकानातल्या फॉर्मवर उंची आणि वजन विचारतात. इथे बऱ्याच जणांचा हात पाच-सात किलो खाली घसरतो. कृपया खरं लिहा. बूट स्कीला ज्या खटक्याने अडकतो तो तुमचं वजन, उंची, बुटाची लांबी आणि तुम्ही किती शिकलात यावरून पिळतात. पडताना पाय मुरगळण्याआधी बूट सुटला पाहिजे, त्यासाठी तो खटका असतो. वजन कमी सांगितलं तर स्की उगाचच निघून येते, जास्त सांगितलं तर निघायला हवी तेव्हा निघत नाही आणि भार गुडघ्यावर येतो. घरच्यांसमोर आकडा सांगायचा नसेल तर आम्हाला वेगळा कळवा.

बूट घट्टच असतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवला की मागे सरकावीत, म्हणजे माप बरोबर. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे चढवू नका. सुरकुत्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. एकच लांब लोकरीचा किंवा स्कीचा मोजा घाला. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. आत थर्मल, मधे फ्लीस, वर जाकीट एवढं पुरतं. तीन स्वेटर घालून गेलात तर तासाभरात घामाघूम व्हाल आणि मग तोच घाम थंड होईल.

पहिला दिवस प्रशिक्षकाकडे

भावाने कुल्लूला शिकवलं होतं, व्हिडिओ पाहिले आहेत, हे सगळं ठीक. तरी पहिल्या सकाळचा धडा आम्ही पॅकेजमध्ये धरतोच. इंग्रजी बोलणारे प्रशिक्षक मोजके असतात, त्यांचं आरक्षण आधी करावं लागतं. थांबायचं कसं, पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं, या तीन गोष्टी पहिल्या तासात शिकवतात.

जपानमध्ये हिरवा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. आपल्या मंडळींनी हिरव्यावरच राहावं, कुणी कितीही चढवलं तरी. काही जुन्या दुहेरी लिफ्टना पुढे दांडा नसतो, तेव्हा लहान मुलांना मोठ्यांच्या शेजारीच बसवा. चढताना भीती वाटली तर चालकाला हाताने खूण करा, वेग कमी करतात. दोरी बांधलेल्या भागाच्या पलीकडे कधीही जायचं नाही. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो, त्यात माणूस कमरेपर्यंत सहज रुततो. तिथून शोधून काढायचा खर्चही तुमच्यावरच येऊ शकतो.

विमा काढताना ‘स्कीइंग’ त्यात आहे का ते बघा. बऱ्याच स्वस्त प्रवासविम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात.

जेवण

हा सर्वांत नाजूक भाग. शुद्ध शाकाहारी जपानी जेवण डोंगरावर मिळणं कठीण. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, भाजीचा रस, सगळ्यात माशाचा अर्क असतो. भाजी दिसते, मासा दिसत नाही. पिवळी जपानी करी बघून तोंडाला पाणी सुटेल, पण तिच्या तयार मसाल्यात बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. त्यामुळे फक्त ‘व्हेज’ म्हणून चालत नाही, ‘मांस नाही, मासा नाही, माशाचा अर्क नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड आम्ही प्रत्येकाला देतो. जैन जेवणाची हमी आम्ही देऊ शकत नाही.

नागानोचा खास पदार्थ म्हणजे ओयाकी. जाडसर पिठाच्या पारीत भोपळा, पालेभाजी किंवा गोड लाल घेवडा भरून भाजतात. कार्ड दाखवून घ्या, हातात गरम ओयाकी असला की थंडी निम्मी होते. घरून ठेपले, चिवडा, मेतकूट, गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे डबे न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी आणि मांसाचे पदार्थ मात्र विमानतळावर काढून घेतात. घरची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा. फोनचा चार्जर चालतो, पण जोडपिन लागते.

जे स्की करणार नाहीत

आजी-आजोबांना हॉटेलात बसवून ठेवू नका. खाली जिगोकुदानीत गरम कुंडात बसणारी जंगली माकडं आहेत. १९६४ पासून हे उद्यान चालू आहे. तिथपर्यंत दीड किलोमीटरच्या आसपास जंगलातली वाट चालावी लागते, ती गोठून निसरडी होते. गुळगुळीत तळाचे बूट घालून गेलेला माणूस हमखास आपटतो, म्हणून तळाला खाचा असलेलेच बूट घाला. माकडांना खायला देऊ नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. हिवाळ्यात दुपारी चारला उद्यान बंद होतं.

परतीच्या दिवशी नागानोत झेन्कोजी मंदिरासाठी दोन तास ठेवा. सध्याचं मुख्य मंदिर १७०७चं. गाभाऱ्याखालच्या काळ्याकुट्ट बोळातून भिंत चाचपत जायचं आणि वाटेतल्या कुलपाला हात लावायचा. लागला तर पुण्य. तिथे मोबाइलचा दिवा लावू नका.

गरम कुंड

स्त्रिया आणि पुरुष वेगळे, पण आत कपडे नसतात. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. अंगावर टॅटू असेल तर आधी विचारा. संकोच वाटत असेल तर काही हॉटेलांत कुटुंबासाठी तासाच्या हिशेबाने राखीव कुंड मिळतं, आम्ही ते आधी ठरवून देतो.

कागदपत्रं

पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर फोनमध्ये इंटरनेट चालू करून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत धरत नाहीत. म्हणून रोमिंग किंवा सिम निघण्याआधीच घ्या. थोडी रोख येनही जवळ असू द्या, डोंगरावर सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.

बुकिंगच्या वेळी प्रत्येकाची उंची, वजन, पायाची लांबी, वय आणि जेवणात काय चालत नाही, हे आमच्या फॉर्मवर लिहून द्या. आगाऊ रक्कम त्यानंतरच घेऊ.